आड खुला झाल्यानंतर

पत्रक कसं लिहायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पहिलं वाक्य ओरडून, दुसरं त्याहून मोठ्यानं, मध्ये एखादा प्रश्न ज्याचं उत्तर वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, आणि शेवटी 'उठा!'. बेचाळीसच्या पावसाळ्यात माझं कॉलेज सुटलं आणि पुढची वर्षं मी हेच करत राहिले. साताऱ्यात एका शिंप्याच्या माडीवर आमचं सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. त्याची शाई नखांत बसली की हटायची नाही. आई जेवताना माझ्या हातांकडे बघायची आणि म्हणायची, "अशानं एक दिवस अक्षरं ओकशील."

मग स्वराज्य आलं. आल्यावर पत्रकांचं काय करायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. 'उठा' म्हणायचं ते आता कुणाला? ज्यांना उठायचं होतं ते उठून पुण्या-मुंबईला गेले होते आणि तिथं खुर्च्या बघून बसले होते. आम्ही खालची माणसं सभेनंतर सतरंज्या गुंडाळणारी. आम्हाला कुणी 'बसा' असंही म्हटलं नाही.

स्वराज्याला दुसरा उन्हाळा लागला तेव्हा मी थकून गेले होते. हे लिहायची मला लाज वाटत नाही. अंगात ताप नव्हता, भूक लागत होती, चालायला सांगितलं तर दहा मैल चालत होते. पण सकाळी जाग आली की आज कशासाठी उठायचं हे आठवून बघावं लागायचं, आणि पुष्कळदा आठवायचं नाही. असा तो थकवा. सांगलीच्या एका साप्ताहिकातून बोलावणं आलं होतं. मजकूर तपासायचा, बातम्या नीट करायच्या. राहायला खोली होती, खोलीच्या बाहेर नळ होता. मी जायचं ठरवलं. तेवढ्यात समितीच्या चिटणीसांनी गाठलं.

ही समिती जिल्ह्याची. गावोगावचे पाणवठे सर्व जातींना खुले करायचे, हे तिचं काम. चिटणीस म्हणजे पांढरीशुभ्र टोपी, बगलेत कागदांची पिशवी आणि एक पाय कायम पुढच्या गाडीत. माणूस वाईट नव्हता. माणूस घाईत होता.

"ताई, एकच पत्रक. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. कोरेगावच्या पूर्वेला एक गाव आहे, तिथला आड आम्ही फाल्गुनात खुला केला. दणक्यात कार्यक्रम झाला. हार, फोटो, भाषणं. तुम्ही फक्त दोन दिवस राहा, चार माणसांशी बोला आणि लिहा, की बाकीच्या गावांनी हा आदर्श घ्यावा."

"आणि मग मी सांगलीला मोकळी?"

"अगदी मोकळ्या."

म्हणून मी गेले. कोरेगाव स्टेशनावर उतरले आणि चालू लागले. पूर्वेकडं जाल तसतशी जमीन फिकट होत जाते. झाडं बुटकी होतात, माणसं काटक होतात. गावात शाळेला सुट्टी होती, तिथली एक वापरात नसलेली खोली मला मिळाली. खिडकीसमोरच तो आड. आड म्हणजे पायऱ्या नसलेली, अरुंद, खोल विहीर. वरून दोर सोडायचा आणि पाणी ओढायचं, दुसरा मार्ग नाही. रहाटाच्या खांबाला फाल्गुनातलं झेंडूचं तोरण वाळून काळं पडलं होतं. शेजारी पाटी होती : 'हा आड सर्वांस खुला आहे.' अक्षर चांगलं होतं.

मी खिडकीत कागद घेऊन बसले. सकाळी बायका आल्या, पाणी ओढून गेल्या. सगळ्या गावातल्या. मांगवाड्यातली एकही आली नाही. मला वाटलं, संध्याकाळी येत असतील. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझं पत्रक 'अंधारातून प्रकाशाकडे' या पहिल्या ओळीवर बसून राहिलं.

मग मी कागद ठेवला आणि मांगवाड्यात गेले. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या उतारावर पाच-सहा घरं. एक बाई ओढ्यातून वर चढत होती. डोक्यावर घागर, एक हात गुडघ्यावर. वर आल्यावर तिनं घागर उतरवली आणि श्वास खाली बसेपर्यंत माझ्याकडं नुसती बघत राहिली. वस्तीत तिला सगळे थोरली म्हणत, कारण ती तिथल्या मोठ्या घरची थोरली सून. आता तिला स्वतःलाच सून होती, तरी नाव तेच राहिलं होतं. मी तिला मावशी म्हणायला लागले.

"मावशी, आड खुला झालाय ना?"

"झालाय की. पयलं पानी म्याच काढलं. फोटू हाय त्याचा."

"मग आता ओढ्यावर का जाता? आडावर का येत नाही?"

"येते की. पानी कशानं काढू? दातानं?"

मला कळलं नाही. तेव्हा तिनं, एखाद्या मंद पोरीला सांगावं तसं, सांगितलं. आडावर गावाचा दोर नसतो. ज्या घराचं पाणी, त्या घराचा दोर आणि त्या घराचा पोहरा. बायका येताना दोर खांद्यावर टाकून येतात, जाताना घेऊन जातात. कुणी कुणाला देत नाही. जातीतल्या जातीतही सहसा देत नाही. आणि मांगवाड्याला आडाचा दोर नव्हता, कारण जन्मात कधी आडावर जायचंच नव्हतं. ओढ्याच्या झऱ्याला दोर काय करायचा? तिथं वाटीनं भरायचं.

"पण कार्यक्रमाला होता की दोर!"

"त्यो त्यांचा व्हता. त्यांनी न्हेला. हारासकट गुंडाळला आन पिशवीत घातला. बादलीबी न्हेली. लय नवी व्हती."

मी हे ऐकत होते आणि तिच्या मागं बघत होते. तिच्या घराच्या भिंतीला, खुंट्यांवर, छपराच्या वाशावर, दोरच दोर टांगलेले. बैलांची दावी, कासरे, आडाचे लांब दोर. अंगणात तिचा म्हातारा नवरा पायाच्या अंगठ्यात धागा धरून नवा दोर वळत बसला होता. सगळ्या गावाचे दोर ह्याच वस्तीत वळले जात. आडाच्या रहाटावरून सकाळपासून सरसर खाली जाणारा प्रत्येक दोर ह्यांच्या हातचा.

मला एवढा राग आला की माझा थकवा तेवढ्यापुरता कुठं गेला कुणास ठाऊक. बघा की! दोर ह्यांच्या हातचा चालतो. त्याच्यावर चार थेंब शिंपडले की तो शुद्ध होतो, आडात उतरतो, पाण्यात बुडतो, बाहेर येतो. त्या हातानं पाण्याला शिवलं की मात्र आड बाटतो. दोराशिवाय पाणी निघत नाही, म्हणून दोरापुरता धर्म बाजूला. ही सोय ज्यांनी लावली ते देवाला भीत होते असं मला कुणी सांगू नये.

"ह्यातला एक घ्या ना मावशी. तुमच्याच घरात टांगलेत."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "गावाचं हायती ते. दोराची पात गावाच्या बांधावरची. बेंदराला बैलं सजायची, तवा ज्याचा त्याला द्यायचा. एक कमी पडला तर समद्या गावाला कळतंय."

त्याच्या लेखी बोलणं संपलं होतं. थोरलीच्या लेखी नव्हतं. ती मला घराच्या कडेला घेऊन गेली आणि तिनं मला तिचं जे काय होतं ते सांगितलं. तिचा मुलगा मिरजेला हमाली करायचा. सून पहिलटकरीण होती तेव्हा इथंच बाळंत झाली. मुलगा झाला. गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात ओढ्याला गढूळ पाणी आलं, झरा त्यात बुडाला, तेच पाणी घरात आलं. पोराला जुलाब लागले. पोर गेलं.

"आता दुसऱ्यांदा सून म्हायेरी गेलीया, उंब्रजाकडं. पोरगी झालीया. बेंदूर झाला की येतीया लेकराला घिऊन. ह्या बारीला त्या लेकराच्या तोंडात झऱ्याचं पानी जाऊ द्यायचं न्हाई. एवढंच हाय माजं. बाकीचं सोराज तुमी बघा."

मी दुसऱ्या दिवशी तडक कोरेगावला गेले. चिटणीस एका दुकानाच्या ओट्यावर चहा पीत बसले होते.

"आपण त्या गावातून दोर परत का आणला?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"कुठला दोर? हां, तो! अहो ताई, तो समितीचा आहे. प्रत्येक कार्यक्रमाला लागतो. दर वेळी नवा कुठून आणणार? आता तो उंब्रजच्या बाजूला गेलाय. परवा तिकडं आड खुला करायचाय."

"आणि तिथून?"

"तिथून पुढच्या गावाला."

"म्हणजे आपण जिथं जिथं आड खुला केला, तिथून तिथून दोर परत आणला?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "ताई, तुम्ही फार बारीक बघता. खुला करणं महत्त्वाचं. पुढचं लोकांनी करायचं. पत्रक कुठवर आलं?"

एकच दोर, वाळलेल्या हारासकट, सातारा जिल्ह्यात गावोगाव फिरत होता आणि मागं बंद आड सोडत होता. ह्याच्यावर पत्रक लिहिलं असतं तर माझं आजवरचं सगळ्यात चांगलं पत्रक झालं असतं. त्या दिवशी मला ते लिहावंसं वाटलं नाही. ओरडून ओरडून घसा बसल्यावर माणूस जसा खुणेनं बोलायला लागतो, तशी मी झाले होते. मी बाजारात गेले, दोरवाल्याकडं एक चांगला लांब दोर बघितला, आणि तो घेण्याआधी, सुदैवानं, थोरलीला विचारायला परत आले.

ती आधी हसली. मग तिला राग आला.

"मांगाच्या घरात इकतचा दोर? बाई, डोकं ठिकाण्यावर हाय न्हवं? त्यो दोर खांद्यावर टाकून म्या आडावर गेले तर पान्याचं ऱ्हाऊ द्या, बायका त्या दोरालाच हसतील. आमच्यातली तर उभी जाळतील मला. न्हाई. वळायचा तर हितंच वळायचा."

"पण पात गावाची आहे म्हणतात."

"गावाची गावाला. रेल्वेच्या कुंपणाला काय थोडी घायपात हाय?"

घायपात म्हणजे ती जाड, काटेरी, तलवारीसारख्या पानांची झुडपं. रुळांच्या कडेनं मैलच्या मैल लावलेली. त्यांच्या पानांतून वाख, म्हणजे चिवट धागा, निघतो आणि वाखाचा दोर होतो. आम्ही दोघी विळे घेऊन गेलो. मी बेचाळीसात तारा तोडणाऱ्यांना भाकरी पोचवल्या होत्या, रुळांपाशी वाकून चालायची सवय होती. तेव्हा साहेबाचं राज्य होतं. आता आपल्याच राज्यात मी चोरासारखी वाकून घायपात कापत होते. मला हसू आलं, आणि ते कडू होतं.

दुपारी गँगमन आला. रुळावरून चालत, खांद्यावर हातोडा.

"काय गं, काय चाललंय? सरकारी हाय ती पात."

थोरली कापायची थांबली नाही. "सरकार आता आपलंच हाय म्हनं. ह्या बाईंना इचार, ह्यांनीच आनलंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. उन्हानं लाल झालेलं तोंड, फाटकी खादी. "ह्यांनी आनलंय? मग बरूबर हाय," तो म्हणाला. "खालची पानं काढा, वरचा शेंडा ठेवा. सायेब गाडीतनं बघतो, त्याला हिरवं दिसलं म्हंजी झालं."

इथून पुढं जे झालं ते सांगण्यासारखं नाही, आणि तेच मला सांगायचं आहे. पानं ओढ्याच्या खालच्या अंगाच्या डबक्यात दगडाखाली दाबली. मग काही नाही. कुजायची वाट बघायची. कुजताना असा वास सुटतो की जेवण जात नाही. पानांच्या रसानं माझे हात कोपरापर्यंत खाजून लाल झाले. थोरली रोज एकदा जाऊन पान दाबून बघायची आणि म्हणायची, "न्हाई अजून." एवढंच. ना सभा, ना घोषणा, ना पोलीस. बेचाळीसनंतर जेलमध्ये होते तेव्हा निदान रोज सकाळी मोजायला कुणी यायचं, आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. इथं मी शाळेच्या खोलीत पडून छपराची कौलं बघायची. सांगलीहून दुसरं पत्र आलं : येता की नाही ते कळवा.

एका दुपारी मी ठरवलं. बॅग भरली. ह्या बाईचा दोर होईल तेव्हा होईल, माझ्यावाचून काही अडत नाही. संध्याकाळच्या गाडीनं निघायचं म्हणून तिला सांगायला गेले. ती दगडावर पानं आपटून वाख मोकळा करत होती. धुतलेला वाख बाभळीवर वाळत घातला होता, म्हातारीच्या केसांसारखा पांढरा.

"मावशी, मी निघते सांगलीला."

"बरं. जायाचं तर जावा," ती म्हणाली. "पर जाताना जरा ही फिरकी धरा. धरायला मानूस न्हाई. म्हाताऱ्यानं बोलनंच टाकलंय माज्याशी."

फिरकी म्हणजे एक लाकडी दांडी, तिला वाख अडकवायचा आणि ती फिरवत मागं मागं सरकायचं. थोरली समोरून वाख भरवत यायची, मी फिरवत मागं जायची. घरांच्या मधून, उकिरड्याच्या कडेनं, पार ओढ्याच्या तोंडापर्यंत. मग परत पहिल्यापासून. एक पेड, मग दुसरा, मग तिसरा. हात थांबला की पीळ उलगडतो, म्हणून थांबता येत नाही. कधीतरी लांब कोरेगावच्या बाजूनं गाडीची शिट्टी ऐकू आली.

"तुमची गाडी गेली जनू," थोरली म्हणाली.

"गेली."

"उद्या असतीया."

मी काही मोठा निर्णय घेतला नव्हता. हातात फिरकी होती, एवढंच. ज्यांना वाटतं की माणूस ध्येयासाठी टिकतो, त्यांनी कधीतरी वाखाचा पीळ धरून उभं राहावं. सोडला तर उलगडेल, म्हणून माणूस धरतो.

दोर झाला. जाडजूड, थोडा ओबडधोबड, माझ्या बाजूचा पीळ कुठं सैल कुठं घट्ट. सकाळी थोरलीनं दोराच्या टोकाला पत्र्याचा डबा पोहरा म्हणून बांधला, तो खांद्यावर टाकला, घागर घेतली, आणि आम्ही आडावर गेलो. तिथं पाच-सहा बायका होत्या. त्यातली एक उंच, काटक शेतकरीण पुढं झाली. तिला रानात जायची घाई होती, आणि ती कायमच असायची.

"काय गं, आज हिकडं कुठं?"

"पान्याला."

"पान्याला? मग आता आमी कुठं जायाचं?"

"हितंच. लय पानी हाय."

"बाटवा, बाटवा. पाटीच लावलीया न्हवं!" ती बाई माझ्याकडं वळली. "ह्या बाईंना घर न्हाई व्हय गं? का नवऱ्यानं टाकलंय?"

बायका हसल्या. मी तोंड उघडलं, पाटीवरचा कायदा सांगायला लागले, आवाज चढला. थोरलीनं तोवर दोर सोडला होता. पोहरा पाण्याला लागल्याचा आवाज खालून आला. मग एकेकीनं आपापली घागर उचलली आणि त्या निघून गेल्या, काही रिकाम्याच.

त्या दिवसापासून गावानं रीत बदलली. बायका उजाडायच्या आधी पाणी भरून जायच्या. थोरली आली की आडावर कुणी नसायचं. मारामारी झाली नाही, दगड पडला नाही. कुणी फिर्याद द्यावी असं काहीच घडलं नाही. फक्त बेंदराच्या तोंडावर गावकऱ्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं, यंदा तुमचे दोर नकोत, आम्ही कोरेगावच्या बाजारातून आणू. भिंतीवरचे दोर भिंतीवरच राहिले. दोरांच्या बदल्यात सुगीला मिळायचं धान्य गेलं. म्हातारा अंगणात रिकाम्या हातानं बसू लागला. वस्तीतल्या बाकीच्या बायका थोरलीला म्हणाल्या, "आदी तुजं काय हुतंय ते बगू." आणि ओढ्यावर गेल्या.

मी रोज तिच्याबरोबर आडावर जात होते. काठावर उभी राहायची, छाती पुढं काढून. एका सकाळी थोरलीनं पोहरा वर ओढता ओढता मला सांगितलं.

"बाई, राग येऊ देऊ नगासा. तुमी हितं उभ्या ऱ्हातासा तवा बायका तुमाला भितात. मला न्हाई. तुमी सांगलीला गेलासा की त्या परत येतील, आन म्या परत ओढ्यावर."

"मग मी काय करू?"

"तुमालाबी पानी लागतंय न्हवं? घागर आना. भरा आन जावा. उभ्या कशाला ऱ्हातासा?"

तोवर माझं पाणी शाळेचा शिपाई आणून देत होता. माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं की मीही पाणी पिते. मी त्याला नको म्हणून सांगितलं, एक घागर मिळवली, आणि थोरलीनंतर तिच्याच दोरानं पाणी ओढू लागले. हे गावानं बघितलं. शिपायानं माझ्या खोलीच्या उंबऱ्याला शिवायचं सोडलं. बेंदराच्या दिवशी घरोघरी पुरणपोळी होती, मला कुणी बोलावलं नाही. चला, म्हटलं, एवढं तर झालं. भाषणं देत होते तेव्हा सगळे जेवायला घालत होते.

पण रोज! रोजचं काम किती रटाळ असतं ते कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी छाती धडधडते. पुढं पुढं फक्त हात दुखतो. पाऊस लागला, ओढा लाल झाला, झरा बुडाला. वस्तीतल्या बायका तेच पाणी फडक्यातून गाळून प्यायल्या आणि आडाकडं बघायच्या, पण आल्या नाहीत. थोरली भिजत यायची, ओढायची, भिजत जायची. तिच्या डोळ्यांत कुठली ज्योत वगैरे पेटलेली मला दिसली नाही. गुडघा दुखत असायचा आणि म्हाताऱ्याला शिव्या देत असायची. मला विचाराल तर कंटाळलेली माणसंच टिकतात, पेटलेली विझतात. मी स्वतः विझलेलीच होते, म्हणून मला हे दिसलं असेल.

सून आली त्या आठवड्यात थोरलीचा तळवा सुजला. घायपातीचा जुना काटा आत राहून पिकला होता. हळद लावून चिंधी बांधलेली, मूठ धड मिटत नव्हती. सून लहानखुरी, बोलकी. काखेत पोरगी, तिच्या कपाळाला काजळाचा ठिपका. ती घरात शिरली आणि हंड्यात डोकावून म्हणाली, "पानी न्हाई आत्याबाई?"

थोरली माझ्याकडं बघत होती, आणि मला कळत होतं तिला काय विचारायचं आहे. मी आणलं असतं. मी घागर उचललीसुद्धा. तेव्हा ती म्हणाली, "ठिवा. तुमी किती दिस आनशिला?" मग सुनेला म्हणाली, "लेकरू हिकडं दे. दोर त्या खुंटीला हाय. आडावर जा."

"आडावर? येकली?"

"येकली."

सून गेली. आम्ही दोघी वस्तीच्या टोकाला बाभळीखाली उभ्या राहिलो, पोर थोरलीच्या खांद्यावर. उशीर झाला होता, आडावर कुणी नसायची वेळ. पण होतं. ती उंच शेतकरीण. तिला त्या दिवशी कशामुळं तरी उशीर झाला होता. तिनं सुनेला येताना पाहिलं. ती गेली नाही, तिची घागर अर्धीच भरली होती. काहीतरी बोलली. सून थांबली. सूनही काहीतरी बोलली. एवढ्या लांबून शब्द कळत नव्हते. थोरलीनं बांधलेल्या हातानं माझं मनगट धरलं होतं, आणि त्या सुजल्या हाताला केवढं दुखत असेल हे मला नंतर सुचलं.

मग सुनेनं दोर सोडला. तो रहाटात कुठंतरी अडकला, तिनं झटका दिला, पुन्हा सोडला. शेतकरीण आपली घागर भरून निघून गेली. गेली ती मागं न बघता, पण पळत गेली नाही. सून बऱ्याच वेळानं परत आली. डोक्यावर घागर, पदर भिजलेला, आणि येता येताच तक्रार सुरू.

"आत्याबाई, ह्यो कसला दोर वळलाय? हात सोलटला माजा. ती उंच बाईबी म्हनली, तुमचा दोर लय जाड हाय, रहाटात बसत न्हाई. आमचाबी त्यो बाजारातला धड न्हाई म्हनली, पर तुमचा लयच जाड."

थोरलीचं तोंड बघण्यासारखं झालं. "असं म्हनली? तिच्या बापानं वळला व्हता का कवा दोर? आन तू, कालची आलीस, सासूच्या दोरात खोट काढतीस व्हय?"

"खरं हाय पर."

"हा पीळ ह्या बाईंचा हाय. माजा न्हवं."

अंगणात म्हातारा बसला होता. तो उठला, सुनेच्या खांद्यावरून दोर घेतला, बोटांनी चाचपला, आणि कितीतरी दिवसांनी बायकोशी बोलला : "हे काय, पेड सारखं न्हाईत. बारीक वळला पायजे व्हता. पात हाय का अजून?"

"कुठली पात? बांधावरची तर गावानं बंद केलीया."

"रेल्वेची हाय म्हनत व्हतीस."

थोरलीनं घागरीतलं पाणी वाटीत घेतलं, उजेडाकडं धरून बघितलं, उकळायला चुलीवर ठेवलं, आणि निवल्यावर बोट बुडवून पोरीच्या ओठाला लावलं. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं. बस, एवढंच. फोटो काढायला कुणी नव्हतं.

मी खूप महिन्यांनी हसले ते त्या वेळी. पाण्यामुळं नाही, दोर जाड आहे ह्या तक्रारीमुळं. ज्या गोष्टीसाठी आम्ही हार घालून घेतले तिच्याबद्दल आता दोन बायका कुरकुर करत होत्या, आणि त्यातली एक गावातली होती. बाकी काही बदललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गावच्या बायका पुन्हा पाणी भरून गेल्या. वस्तीतल्या बायका ओढ्यावर गेल्या. सून जाड दोर खांद्यावर टाकून, बडबडत, आडावर गेली.

चिटणीसांचं पत्रक मी लिहिलं नाही. सांगलीला कळवलं, इतक्यात जमत नाही. थोरलीचा हात बरा व्हायचा होता, म्हणून मी एकटीच विळा घेऊन रुळांकडं गेले. गँगमन लांबूनच ओरडला, "खालची पानं, बाई! शेंडा ठेवा!" मी हात वर केला आणि वाकले.